पडलेल्या आंब्यावर चेनसॉ तिरकी का जाते?

प्रश्न (वाडीकर, श्रीवर्धन):
नमस्कार. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाडीतली पडझड आवरायला मी 16 इंची पात्याची पेट्रोलवरची चेनसॉ घेतली होती. यंदाच्या वाऱ्यात एक रायवळ आंबा मुळासकट कलंडला असून त्याचा शेंडा दोन पोफळींवर टेकला आहे. कापायला घेतले तर करवत उजवीकडे वळते, पिठासारखा भुसा पडतो आणि पात्यातून धूर येतो. परवा तर पात्याचे टोक फांदीला लागून करवत एकदम तोंडाकडे उसळली. धार मी स्वतः कानशीने लावतो. नेमके चुकते कुठे?

उत्तर १ (कानसवाला):
पिठासारखा भुसा म्हणजे साखळी बोथट. धारदार साखळी जाडसर किसासारख्या चकत्या काढते. करवत ज्या बाजूला वळते, त्या बाजूचे दात बहुधा जास्त लांब किंवा जास्त धारेचे असतात. आपला हात एका बाजूने सहज चालतो आणि दुसऱ्या बाजूने अवघडतो, त्यामुळे हे जवळजवळ सगळ्यांचेच होते. सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणावेत आणि प्रत्येक दाताला कानशीचे हात मोजून द्यावेत. कानस आतून बाहेर, फक्त पुढे ढकलतानाच घासावी आणि दातावर कोनाची रेघ असेल तर (बहुतेक साखळ्यांना 30 अंश) तिच्याशी समांतर धरावी. गोल कानशीची जाडी साखळीच्या मापाप्रमाणे (पिच, म्हणजे कड्यांमधले अंतर, इंचांत) ठरते: 3/8 लो-प्रोफाइल म्हणजे बुटक्या दातांच्या साखळीला 4 मिमी, 0.325 ला 4.8 मिमी. दातापुढचा उंचवटा धारेपेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असावा. तो अधिक घासला तर दात लाकूड ओरबाडतो आणि उसळी वाढते.

धुराचे कारण बोथट धारेइतकेच तेलही असू शकते. पात्याचे टोक कोऱ्या पुठ्ठ्यावर, न टेकवता, धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली नाही तर तेलाचे छिद्र भुशाने बुजले आहे. आणि किनाऱ्यावरच्या सालीत वाळू असते, ती आधी झाडून काढावी. नाहीतर दहा मिनिटांत धार जाते.

उत्तर २ (दाभोळी):
उसळीबद्दल लिहितो. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही लागला, की साखळी तिथे अडते आणि सारा जोर पाते वर, मागे फेकतो. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून घट्ट वळलेला हवा, स्वतः पात्याच्या रेषेच्या किंचित डावीकडे उभे राहावे आणि खांद्याच्या वर कधी कापू नये. पुढच्या मुठीसमोरचा ब्रेक रोज तपासावा. सुरू करताना करवत जमिनीवर, ब्रेक लावून, मागच्या मुठीत उजवा पाय ठेवूनच दोरी ओढावी. हातात लटकवून झटका मारण्याची आपल्याकडची पद्धत मला मान्य नाही. आणि लुंगी-चप्पल नको. चेनसॉसाठीच्या पँटीतले लांब तंतू साखळीत गुंतून तिला थांबवतात; साध्या जाड पँटीला हे जमत नाही.

उत्तर ३ (लाकूडवाला):
धार लागली तरी या झाडाला लगेच हात लावू नका. दोन्ही टोकांना टेकलेल्या खोडाची वरची बाजू दाबात आणि खालची ताणात असते. म्हणून आधी वरून एक-तृतीयांश कापावे आणि मग खालून कापत तो काप वरच्याला मिळवावा; खालून कापताना करवत अंगावर ढकलली जाते, हे ध्यानात ठेवावे. एकाच टोकाला टेकलेल्या, लोंबत्या फांदीला याच्या नेमके उलट. उपटलेला बुंधा खोड सुटताच मुळांच्या वजनाने पुन्हा उभा राहतो, त्यामुळे मुळांखालच्या खड्ड्यात पोरेबाळे, कुत्रीसुद्धा नकोत. ज्या पोफळींवर झाड अडकले आहे त्या तोडण्याचा मोह टाळा. लांबून चेन-पुलीने ओढून झाड जमिनीवर आणा.

वाडीकर:
डाव्या-उजव्या दातांत डोळ्यांनी दिसेल इतका फरक निघाला, आणि छिद्र खरोखरच बुजलेले होते. चेन-पुली आणायला उद्या जातो. तोवर झाडाखालची वाट दोर बांधून बंद केली आहे.