टाकी रंगवण्याआधी पाणी कुठे तापते ते पाहावे
थंड पाण्याच्या नळाला पहाटेही कढत पाणी येते, काय करावे, या प्रश्नावर गच्चीवरील टाकीला पांढरा रंग देण्याची सूचना केली जाते. ती योग्य आहे, आणि सोसायटीच्या सभेत ती लगेच मंजूरही होते. मात्र सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जात असला, तरी पाणी नेमके कुठे तापते हे आधी पाहावे. दुपारी पहिली बादली कढत येऊन नंतरचे पाणी निवत असेल, तर दोष गच्चीवरून उघड्या गेलेल्या पाइपांचा असतो. त्यांना फोमचे वेष्टन पुरते. पाणी अखेरपर्यंत गरमच राहिले, तर टाकीवर शेड हवी.

पण या प्रश्नात म्हटल्याप्रमाणे पहाटेही थंड पाण्याच्या नळाच्या पाण्याने चटका बसत असेल, तर ऊन हे कारण नव्हे. इमारतीत सोलर वॉटर हीटर असल्यास, एखाद्या घरात मिक्सरचे (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाचे) दोन्ही कॉक उघडे आणि पुढचा जेट (हातात धरायचा फवारा) मात्र बंद राहिला, की गरम पाणी थंड पाण्याच्या लाइनमध्ये शिरते आणि त्रास शेजाऱ्यांना होतो. सोलरचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह काही वेळ बंद ठेवल्यास हे कळते. मिक्सरच्या दोन्ही जोडण्यांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारे) बसवावेत. घरात लहान मुले असल्यास हे काम लांबवू नये, कारण ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांतच त्वचा भाजते.