मदत हवी आहे: घरच्या चार्जरसाठी ३.३ की ७.२ किलोवॅट?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात इलेक्ट्रिक कार येतेय, बॅटरी ४० युनिटची. नागपूरला मनीष नगरात स्वतःचं घर आहे, मीटर सिंगल फेज, मंजूर भार ५ किलोवॅट. डीलर ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स (भिंतीवरचा चार्जर) घ्या म्हणून मागे लागलाय. पण तो एकटाच ३१-३२ अँपिअर खेचणार. त्यात मे महिन्यात रात्री एसी नि कूलर सुरूच असतात. म्हणजे भार वाढवून घेणं आलंच, कदाचित थ्री फेजही.

रोजचं जाणं-येणं बुटीबोरीपर्यंत. तेवढ्याला आठेक युनिट लागतील, ती ३.३ वर अडीच-तीन तासांत भरतात. मग मोठा कशाला, असं मला वाटतं. बायकोचं म्हणणं, अमरावतीला अचानक निघायचं झालं तर? तेही खरंच.

पोर्चवर नुसता पत्रा आहे, दुपारी भिंतीला हात लावता येत नाही. अशा जागी कोणी बॉक्स बसवलाय का? उन्हात करंट आपोआप कमी होतो का? वायर ६ स्क्वेअर एमएमची पुरते की १० ची टाकू? आणि वेगळं अर्थिंग केलंत का? आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, "जुनंच चालते ना भाऊ!" मला काही पटत नाही.