काम सरलं, जिनं थोडी सरलं! जगण्याबद्दल तुमच्या घरची माणसं काय सांगून गेली?

आर्वीवाली
काल पोळा झाला. आमच्या गोठ्यात आता एकच बैल आहे, गवळाऊ जातीचा, १८ वर्षांचा. एका डोळ्यानं दिसत नाही. चार वर्षं झाली, वखर-डवरा सगळं ट्रॅक्टरवर. परवा खांदशेकणीला बाबा त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळत बसले होते. चार वर्षांत त्या खांद्याला जू लागलेलं नाही. तरी कानात रीतसर सांगितलं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.'
काका ओट्यावर होते. म्हणाले, "भाऊ, आता याच्यात काय अर्थ हाय? काम ना धाम, नुसतं कुटार खाते."
बाबांनी हात थांबवला नाही. म्हणाले, "काम सरलं त्याचं. जिनं थोडी सरलं."
रात्रभर ते डोक्यात होतं, कारण आमची आजी आठवली. शेवटची दोन वर्षं ती खाटेवर होती आणि रोज म्हणायची, "आता मी कायले हाओ?" बाबा म्हणायचे, तू आहेस म्हणून आमी आहोत माय. तिचं समाधान व्हायचं नाही. काका वेगळं करायचे. तिच्या मांडीवर सूप ठेवायचे, तुरीची डाळ निवडायला. ती दिवसभर निवडायची, आणि रात्री ती झोपली की काका त्याच डाळीत मूठभर खडे परत मिसळून ठेवायचे. दोन वर्षं. म्हणून काकांना कोणी वाईट म्हणू नका. त्यांचं म्हणणं एवढंच की माणूस कोणाच्या तरी कामी येतो तोवर जगतो.
दोघे सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, आणि जगायचं कशासाठी याचं उत्तर दोघांचं दोन. तुमच्या घरात कोण काय म्हणायचं? लिहा.

मोर्शीकर
खड्यांचं वाचून थांबलो जरा. काकांना नमस्कार सांगा.
आमची आजी ७-८ वर्षांची असताना तिच्या गावात गाडगेबाबा आले होते. कीर्तनात काय सांगितलं ते तिला आठवत नव्हतं. आठवायचं ते हे, की दुपारी चिंध्यांचे कपडे घातलेला एक माणूस खराट्यानं गल्ली झाडत होता, पोरं त्याच्या मागं हसत फिरत होती, आणि रात्री तोच माणूस उभा राहून गावाला प्रश्न विचारत होता अन् सगळं गाव उत्तरं देत होतं. बाबा १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ गेले. आजी ऐंशीच्या पुढं जाईपर्यंत आपलं अंगण झाडून शेजारच्या दोन घरांसमोरचंही झाडायची. तिला जगण्याचा अर्थ विचारला असता तर म्हणाली असती, आधी पाय उचल, कचरा हाय खाली.

भाकरतुकडा
पोळ्याला रोडगे केले का कोणी? आमच्याकडे या वेळी गोवऱ्या ओल्या, सगळे अर्धे कच्चे निघाले. धाग्याबद्दल नंतर लिहिते, पोरगा रडतोय.

यवतमाळची
मी कोणत्या गावची ते सांगत नाही. आमच्याकडे अशी घरं खूप आहेत, त्यातलं एक माझं. बोंडअळीच्या वर्षी, २०१७ ला, कपाशी पूर्ण गेली आणि त्याच हिवाळ्यात हे गेले. मुलगी तीन वर्षांची.
तेरवी झाल्यावर एक ताई आल्या, चांगल्या मनाच्या होत्या. म्हणाल्या, मुलीसाठी जगायचं. एक महाराज म्हणाले, देवाची मर्जी. भाऊ म्हणाला, आमच्याकडे चल. मला कोणाचंच पटलं नाही, रागही आला नाही. मला काहीच होत नव्हतं. पण घरी एक शेळी होती, तिला नुकतीच दोन पिल्लं झालेली. पहाटे ती ओरडायची. तिचा पान्हा दाटला की ओरडते, उठावंच लागतं. मग उठलेच आहे तर चूल. चूल पेटलीच आहे तर पोरीला आंघोळ. असं करत तूर कापणीला आली.
लोक म्हणतात आधी अर्थ सापडतो मग माणूस जगतो. माझ्याकडे तसं झालं नाही. मुलीसाठी जगते असं म्हणायला मला दोन वर्षं लागली. त्याआधी शेळीसाठीच जगले.
मुलगी आता आश्रमशाळेत नाही, घरूनच शाळेत जाते. सायकल मिळाली.

मोर्शीकर
ताई, काय लिहू. वाचलं एवढंच सांगतो.

आर्वीवाली
ताई, जवळ असते तर येऊन बसले असते तुमच्यापाशी. शेळ्या किती आहेत आता?

यवतमाळची
अकरा. दोन बोकड दिवाळीच्या आत विकायचे आहेत.

उमरेडकडची
आमच्या घरी हा प्रश्न फार लवकर सुटला, तारीखवार. १४ ऑक्टोबर १९५६. आजोबा-आजी गावातल्या लोकांसोबत पायी नागपूरला गेले होते. पांढरे कपडे घालायचे होते. आजीकडे पांढरं लुगडं कुठून असणार, आजोबांची दोन धोतरं जोडून नेसली. गर्दीत पाय ठेवायला जागा नव्हती, बाबासाहेब लांबून ठिपक्याएवढे दिसले म्हणायची.
परत आल्यावर आजोबांनी घरातले देव बाहेर काढले. पण आजी म्हणायची, देवांपेक्षा मोठी गोष्ट बाहेर काढली ती म्हणजे 'मागच्या जन्मी काहीतरी केलं म्हणून हे भोग'. ते एकदा काढल्यावर मग या जन्माचं काय ते आपल्यालाच करावं लागतं. त्यांनी माझ्या बाबांना आणि आत्याला, दोघांनाही, शिकवलं. १९६० च्या दशकात पोरगी शिकवली म्हणून गावात बोलणी खाल्ली.
म्हणून मला 'देवाची मर्जी' ऐकलं की अजूनही त्रास होतो. यवतमाळच्या ताईंना महाराज जे म्हणाले ते म्हणायला नको होतं.

शेगाववारी
उमरेडच्या ताई, तुमच्या आजी-आजोबांना मनापासून मानतो. पण देवाला मानणारे सगळे असं बोलत नाहीत, एवढं सांगू द्या. मी शेगावला सेवेला जातो. दर्शनाची रांग सांभाळायची, चपला ठेवायच्या, जेवणाच्या पंक्तीत वाढायचं. माझं किराणा दुकान आहे, वर्षभर गिऱ्हाइकाशी घासाघीस. तिथं तेवढे दिवस कोणाकडून काही घ्यायचं नसतं. एकदा एका म्हाताऱ्यानं चपला घेताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटतं मी त्या हातासाठी जातो. चूक असेल तर असो.

उमरेडकडची
चूक कशाला असेल दादा. चपला उचलणाऱ्याशी माझं भांडणच नाही.

दिग्रसचा मास्तर
मी शाळेत शिकवतो, आणि घरचं चार एकर वावर आहे. कृषिपंपाची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच. जानेवारीत रात्री दोन वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला उभं राहा, एका हातात बॅटरी, पायात गमबूट, सापाची भीती. वर आभाळभर चांदण्या. मला त्या चांदण्यांकडे बघून कधीच वाटलं नाही की हे सगळं माझ्यासाठी कोणीतरी ठरवलंय. उलट वाटतं की त्यांना माझं काही पडलेलं नाही. आणि याचं मला दुःख होत नाही, मोकळं वाटतं. पाणी या सरीतून त्या सरीत वळवायचं ते मी ठरवतो. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुम्ही तिकडं उभे असता तेव्हा मी इथं जागी असते, ते कोण ठरवतं?
याचं उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हापासून दर तासाला मिसकॉल देतो.

भाकरतुकडा
मास्तर, वहिनींचा मुद्दा पक्का! पोरगा झोपला. आमच्या घरचं सांगते.
माहेर पवनारजवळ. १९८२ ला विनोबांनी अन्न, पाणी, औषध सगळं थांबवलं तेव्हा वडील रोज धाम नदीपाशी जाऊन यायचे. दिवाळीच्या दिवशी विनोबा गेले, १५ नोव्हेंबर. आमच्याकडे दिवा लागला पण फराळाला कोणी हात लावला नाही. वडील म्हणाले, माणसानं असं समजून-उमजून निघावं, पुरं जगून. आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "ज्याच्या मागं लेकरं नाहीत त्याले जमते. मले तीन पोरी हायेत, मी भात खाईन."
वडिलांना ते फार लागलं, तीन दिवस बोलले नाहीत. मला लहानपणी वडीलच थोर वाटायचे. आता माझ्या पदरात पोरगा आहे आणि रोज भात वाढून घेताना आई आठवते. वडीलही आठवतात. त्यांनी शेवटी हॉस्पिटलात नळ्या लावू दिल्या नाहीत, आणि तेव्हा आईनंच त्यांची बाजू घेतली, आम्हा तिघींच्या विरोधात.

मोहफूल
गडचिरोली. आमचे आजे पहाटे मोहफुलं वेचायला न्यायचे. खाली पडलेली सगळी उचलायची नाही, अस्वलालाही लागतात म्हणायचे. एवढंच ऐकलंय त्यांच्याकडून, दुसरं काही तत्त्वज्ञान नाही. नेटवर्क जातंय.

मोर्शीकर
आर्वीच्या ताई, एक विचारू का? आजीला खड्यांचं कळलं होतं का कधी?

आर्वीवाली
हो. जायच्या महिनाभर आधी आईला म्हणाली, "खडे त्येच हायेत, मी वयखतो. त्याले सांगू नको मले समजलं म्हून. त्याले बरं वाटते."
आईनं काकांना अजून सांगितलेलं नाही. हे लिहू की नको असा विचार करत होते, पण काका हे वाचत नाहीत.

दिग्रसचा मास्तर
मग निवडत कोण कोणासाठी होतं ताई...

शेगाववारी
बैलाला चारा पुरतो का? माझ्या मेव्हण्याकडे सोयाबीनचं कुटार पडून आहे, पुलगावला. गाडीभर आरामात निघेल, पैसे नको.

यवतमाळची
१८ वर्षांच्या बैलाचे दात झिजले असतील, त्याला नुसतं कुटार चावायचं नाही. सरकीची ढेप रात्री भिजत घाला, सकाळी कुटारात कालवून द्या. थोडं मीठ टाका.

आर्वीवाली
दात झिजलेच आहेत, रवंथ करताना घास गळतो. ढेप आणते उद्या. दादा, मेव्हण्यांचा नंबर मेसेजमध्ये पाठवा. काका म्हणतात, रविवारी मीच ट्रॉली घेऊन जातो.