रोम लुटीने नव्हे, धान्य-पाण्याने संपलं

४१० साली राजा अलारिकच्या गॉथांनी, म्हणजे एका जर्मानिक टोळीने, रोम लुटलं आणि तिथेच शहर संपलं, हे मत मला पटत नाही. ती लूट तीन दिवसांची. धक्का मोठा होता, पण नंतरही लोकांना सरकारी पाव मिळतच होता. इजिप्तचा गहू तोवर कॉन्स्टँटिनोपलकडे, म्हणजे साम्राज्याच्या पूर्वेकडच्या राजधानीकडे, वळला होता, त्यामुळे रोमची भिस्त उत्तर आफ्रिकेवर होती. ४३९ मध्ये राजा गाइसेरिकच्या व्हँडलांनी, म्हणजे दुसऱ्या एका जर्मानिक टोळीने, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर घेतलं, खरा घाव तो. एवढं मोठं शहर आसपासच्या शेतीवर कधीच जगत नव्हतं.

आता पाण्याबद्दल सांगतो. ५३७ च्या रोमच्या वेढ्यात राजा विटिगिसच्या गॉथांनी शहरात पाणी आणणारे कालवे तोडले. जॅनिक्युलम टेकडीवरच्या पाणचक्क्या बंद पडल्या, दळण थांबलं. मग शहर राखणारा पूर्व रोमन सेनापती बेलिसॅरियस याने टायबर नदीत होड्या जोडीने नांगरल्या, त्यांच्यामध्ये पाणचाकं बसवली आणि प्रवाहावर पीठ दळून घेतलं! मला हा प्रसंग फार हलवून जातो. भव्य स्नानगृहं मात्र कोरडी पडली ती पडलीच, आणि पुढे वस्ती टेकड्या सोडून हळूहळू नदीच्या वळणाशी दाटत गेली.