पणजीला सगळंच ठाऊक असून कसं चालेल?
पणती खुनाचा छडा लावते आणि घरातलं पणजीचं भूत तिला मदत करतं, अशी रहस्यकथा म्हटल्यावर खुनी कोण ते पणजीच सांगून टाकेल, मग रहस्य उरलं कुठे, ही शंका रास्तच. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेला दहा नियम घालून दिले, त्यात अमानवी शक्तींना साफ मज्जाव होता. पण भुताला मर्यादा घातल्या की जमतं. पणजीला उंबरठा ओलांडता येत नाही, मोबाइल कशाशी खातात ते माहीत नाही. ती एवढंच म्हणणार, "मेला काळ्या पाटीवर बोट फिरवत होता, तेही डाव्या हाताने." डावखुरा कोण, हे पणतीनेच हुडकायचं. शिवाय पोलिसांपुढे भुताची साक्ष ठेवणार कशी? (मला खटकते ती कथेच्या शेवटी भुताला मिळणारी मुक्ती. राहू दे की म्हातारीला, पुढच्या भागात टोमणे कोण मारणार?)