लाल बटू तारे शांत? कोणी सांगितलं?

रामबागकर: काल आपल्या इंदूरच्या ग्रुपवर पोस्ट होती: लाल बटू तारे (सूर्यापेक्षा लहान, थंड, मंद तारे) शांत, लाखो कोटी वर्षं जगणारे, दुसरी पृथ्वी तिथंच सापडणार. वाचून राहवेना. १ मे २०१९ ला प्रॉक्झिमा, सूर्याला सगळ्यात जवळचा तारा आणि लाल बटूच, ज्वाला भडकून अतिनील प्रकाशात काही सेकंदांत १४,००० पट उजळला! त्याचा ग्रह अवघ्या ७३ लाख किलोमीटरवर. तिथं ओझोन कसा टिकणार? शाळेतली पोरं हे वाचतात, त्यांना असलं काही सांगू नका.

लोकमान्यनगरची: पोस्ट माझी. ‘शांत’ चुकलं, मान्य. बाकी अक्षर मागे घेणार नाही. चारांतले तीन तारे लाल बटू, सगळे बाद करणार का? २०२१ मध्ये अशा चार ताऱ्यांवरच्या मोठ्या ज्वाला त्यांच्या ध्रुवांकडे आढळल्या. ज्वालेसोबत सुटणारा कणांचा झोत ग्रहाला चुकवून जाऊ शकतो.

रामबागकर: चारच तारे, ताई! आणि झोत चुकला तरी अतिनील प्रकाश चुकतो का? ट्रॅपिस्ट-१ या सात ग्रहांच्या लाल बटूच्या सगळ्यात आतल्या ग्रहावर जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला दाट वातावरण सापडलं नाही.

लोकमान्यनगरची: सगळ्यात आतल्या! उरलेल्या सहांचा निकाल त्यावरून लावता?

महूकर: मार्च २०१६ मध्ये प्रॉक्झिमा नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका भडकला होता. आपण मुकलो, कारण बायपासच्या दिव्यांनी दक्षिणेचं आकाश खाल्लंय. १९८६ ला बाबांनी गच्चीवरून हॅलेचा धूमकेतू दाखवला होता. आज त्याच गच्चीवरून प्रॉक्झिमाच्या शेजारचा तेजस्वी मित्र ताराही (अल्फा सेंटॉरी) दिसत नाही.

राजवाड्याजवळची: माझी मुलगी रात्री दहाला क्लासमधून येते. मागच्या वर्षी अंधाऱ्या गल्लीत शेजारणीची साखळी ओढली. दिवे हवेतच.

महूकर: विझवा कोण म्हणतंय? वरून झाकण लावा, उजेड रस्त्यावर पडू दे.

राजवाड्याजवळची: झाकणाचं नंतर बघू. आमच्या गल्लीत आधी खांब तर येऊ दे. गच्चीवरून बोलणं सोपं असतं, काका.

रामबागकर: दिव्यांसाठी वेगळा धागा काढा! आणि महूकर, तो भडका १८ मार्चचा. आपल्याकडे तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. शिवाय इंदूरहून प्रॉक्झिमा क्षितिजावर साडेचार अंशच चढतो.

महूकर: दुपारचं ध्यानात नव्हतं. पण मित्र तारा साडेसहा अंश चढतो. मे महिन्यात महूजवळच्या जानापाव डोंगरावर या, दाखवतो.

लोकमान्यनगरची: पोस्टमधून ‘शांत’ काढलं. ‘दुसरी पृथ्वी’ ठेवलंय.

रामबागकर: ‘सापडणार’ पण काढा. ‘शोधतोय’ लिहा.