१९१४ चा जुलै: करारांनी ओढलं की माणसांनी लोटलं?

अवधूत_ज
काल इथे एकाने लिहिलं, "पहिलं महायुद्ध कोणालाच नको होतं. युत्यांची साखळी होती, साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी सुटली आणि सगळे एकामागून एक ओढले गेले. दोष कोणा एकाचा नाही." खाली भराभर अनुमोदनं पडली. शाळेत आपण सगळ्यांनी हेच घोकलंय, पण मला ते आता ऐकवत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

साखळीच होती, तर ती चालली कशी ते बघा. इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात. ऑगस्ट १९१४ ला ती तटस्थ राहिली आणि मे १९१५ मध्ये त्याच ऑस्ट्रियावर चालून गेली. रुमानियाचा १८८३ चा गुप्त करार, तोही १९१६ ला उलटला. उलट रशियाने सर्बियाला संरक्षणाचा लेखी शब्द दिलेला नव्हता, तरी रशिया उतरला. ब्रिटनचा फ्रान्सशी १९०४ चा समझोता म्हणजे मुख्यतः इजिप्त-मोरोक्कोचा व्यवहार, तरी ब्रिटन उतरला. सह्या केलेले बाजूला झाले, न केलेले लढले. कसली साखळी?

२३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या. ते उत्तर २८ तारखेला वाचून खुद्द जर्मन सम्राटाने, कैसरने, त्यावर शेरा मारला की आता युद्धाचं कारणच उरत नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. कोणी ओढलं त्यांना? त्यांनी ठरवलं.

मुक्ता_का
अवधूत, बेल्जियम सोयीस्कर गाळलात. त्याच्या तटस्थतेच्या हमीचा १८३९ चा करार होता, त्यावर ब्रिटनची सही होती, आणि जर्मन फौजा तिथे शिरणार हे दिसलं म्हणूनच ब्रिटिश मंत्रिमंडळातले बहुतेक का-कू करणारे वळले. म्हणजे सही केलेला एक तरी लढला.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. करार माणसाला बांधत नाही, करार माज आणतो. आमच्या भावकीत दोन हात बांधावरून कुरबूर होती. दोघेही दमले होते, मिटलंच असतं. तेवढ्यात एका काकांच्या मेव्हण्याने सांगितलं, "तू हो पुढे, मी आहे मागे." १८ वर्षं कोर्टात गेली, जमीन विकून वकिलांची बिलं भागवली. मेव्हण्याने एकदाही ओढून नेलं नव्हतं, फक्त पाठीशी आहे म्हणाला होता.

५ जुलैला पोट्सडॅमला हेच झालं. ऑस्ट्रियाच्या दूताला कैसरने पाठिंब्याचा शब्द दिला. तो नसता तर व्हिएन्नाने रशियाच्या तोंडावर सर्बियाला हात लावला असता? आणि दुसऱ्या बाजूलाही तेच. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे त्या आठवड्यात सेंट पीटर्सबर्गला होते. ते परतीच्या जहाजावर चढेपर्यंत व्हिएन्नाने खलिता मुद्दाम रोखून धरला. ज्या युतीला काही अर्थच नव्हता, तिच्यासाठी घड्याळ बघत कोण बसतं?

रुळावरचा
दोघेही राजवाड्यांतच फिरताय. युद्ध गाड्यांच्या वेळापत्रकात होतं. मी ३१ वर्षं रेल्वेच्या कंट्रोलमध्ये काढली. एक विशेष गाडी घुसवायची तर सेक्शनच्या सगळ्या मालगाड्या लूपवर टाकाव्या लागतात, आणि मग एक इंजिन चुकीच्या ठिकाणी, एक गार्ड ड्युटी संपवून बसलेला. रात्रभर फोन कानाला. जर्मनीला तर लाखोंची फौज पश्चिमेला न्यायची होती. १ ऑगस्टला कैसर म्हणाला, फ्रान्स सोडा, सगळं रशियाकडे वळवा. सेनापती मोल्टके म्हणाला, अशक्य. मला त्याचा चेहरा दिसतो. ३० जुलैला रशियाने फौजेच्या सार्वत्रिक जमवाजमवीचा हुकूम काढला तिथेच खेळ संपला.

अवधूत_ज
काका, जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागातल्या श्टाब या अधिकाऱ्यानेच पुढे लिहिलं की ते वळवणं शक्य होतं. मोल्टकेला वळवायचंच नव्हतं. आणि फक्त पश्चिमेकडे हल्ल्याचीच योजना ठेवायची, हेही माणसांनीच ठरवलं ना?

रुळावरचा
युद्ध संपल्यावर, टेबलावर बसून लिहिलं. चालू ऑपरेशनमध्ये बसून दाखवा, मग मला शिकवा.

नीला_सातारा
अवांतर आहे, पण राहवत नाही. तुमच्या चर्चेत पॅरिस आहे, बर्लिन आहे. त्या जुलैची किंमत आमच्या गावाने मोजली, त्याबद्दल एक ओळ नाही. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे: या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. वर चुन्याचे हात बसून बसून अक्षरं बुजत आलीत.

ब्रिटनने युद्ध पुकारलं तसा भारतही आपोआप युद्धात गेला, विचारलं कोणाला? नोव्हेंबर १९१४ ला पूना डिव्हिजन इराकातल्या बसऱ्यात पोचली. डिसेंबर १९१५ पासून तिथल्याच कुतला तुर्कांचा वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. शेवटी घोड्याचं मांस पुढे आलं आणि कित्येक शिपायांनी ते तोंडात घालायला नकार दिला. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ तिथे होते. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. ते परतले नाहीत. निश्चित काही कळलं नाही म्हणून त्यांच्या बायकोने म्हातारपणापर्यंत कुंकू लावलं.

स्पष्ट_बोलतो
महिना ११ रुपयांसाठी इंग्रजांची चाकरी केली, त्याचा अभिमान कसला? टिळक मंडालेहून नुकते सुटले होते आणि हे दुसऱ्याच्या युद्धात भाडोत्री गेले.

नीला_सातारा
अभिमान हा शब्द मी वापरलाय का? वर जाऊन पुन्हा वाचा. आणि टिळकांनीही त्याच ऑगस्टमध्ये सरकारला युद्धात साहाय्य करावं असंच म्हटलं होतं, तेव्हा त्यांना मध्ये आणू नका. चार एकर कोरडवाहू आणि डोक्यावर कर्ज असलेल्या घरातल्या १९ वर्षांच्या पोराला तुम्ही इथे पंख्याखाली बसून भाडोत्री म्हणताय. शब्द मागे घ्या.

स्पष्ट_बोलतो
भाडोत्री मागे घेतो. चाकरी मागे घेत नाही.

मुक्काम_श्टुटगार्ट
मी इथे बारा वर्षं राहतो. शेजारच्या खेड्यात चर्चजवळ दगड आहे, १९१४-१९१८ ची नावं. एकच आडनाव चारदा आलंय. शेजारच्या आजी त्याच घरातल्या, दर नोव्हेंबरला दिवा ठेवतात. करार, खलिते, प्वांकारे, यांतलं त्या चौघांना काहीच ठाऊक नसणार.

मुक्ता_का
नीला, तुमचं अवांतर नाही. तुर्कस्तानने २ ऑगस्टलाच जर्मनीशी गुप्त करार केला होता. लोकांच्या वर्गणीतून बांधलेली त्यांच्या दोन युद्धनौका ब्रिटनने गोदीतच जप्त केल्या, त्याचा संताप होताच. कुतची वाट तिथून निघते.

अवधूत_ज
आणि सही करूनही तुर्कस्तान ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबला, हे कोण सांगणार? तीन महिने तोलत होते. तरी मुक्ता, तुमच्या मेव्हण्याचं मान्य करावं लागतंय. पोट्सडॅमचा शब्द नसता तर व्हिएन्ना कचरलं असतं. ओढलं नाही, पण बळ दिलं. यापलीकडे एक पाऊल मागे येणार नाही.

नीला_सातारा
श्टुटगार्टकर, तुमच्या दगडावर नावं तरी आहेत. आमच्या पाटीवर नुसता आकडा.

रुळावरचा
ताई, पलटणीची दफ्तरं असतात. आमच्या एका गँगमनच्या आज्याचं नाव असंच सापडलं होतं, दोन वर्षं लागली. पलटण सांगा.

नीला_सातारा
११७ वी मराठा. नाव गणपती. आडनाव नि गाव व्यनित (खाजगी निरोपात) पाठवते.